आवाजाची जागा : आर. ई. एम.ची एकतीस वर्षे

ख्याल ऐकणाऱ्याला बंदिशीतले शब्द कळले नाहीत म्हणून कोणी दोष देत नाही. एखादा यमन वर्षानुवर्षे आवडीने ऐकलेला रसिक अंतऱ्यातली दुसरी ओळ सांगू शकेलच असे नाही, आणि त्याचे त्याला वैषम्यही वाटत नाही. भावगीताकडे वळलो की हिशेब बदलतो. यशवंत देवांनी जिला ‘शब्दप्रधान गायकी’ म्हटले तिथे शब्द नीट ऐकू न येणे हा गायकाचाच दोष. रॉक संगीत यांपैकी कोणत्या बाजूचे? बॉब डिलननंतर तरी ते शब्दांच्या बाजूला झुकले असे मानायला हरकत नाही. गाणी कविता म्हणून वाचली जाऊ लागली, १९६७च्या ‘सार्जंट पेपर’नंतर अल्बमच्या वेष्टनावर शब्द छापण्याची पद्धत पडली, आणि समीक्षक ओळींचे अर्थ लावू लागले. अशा काळात, १९८३ साली, अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या चार तरुणांनी एक असा अल्बम काढला की ज्यातले शब्द इंग्रजी मातृभाषा असलेल्यांनाही धड कळेनात. नाव होते ‘मर्मर’, म्हणजे कुजबुज. शब्द अर्थातच छापलेले नव्हते. मायकेल जॅक्सनचा ‘थ्रिलर’ आणि द पोलिसचा ‘सिंक्रोनिसिटी’ जिकडेतिकडे वाजत असतानाच्या त्या वर्षी ‘रोलिंग स्टोन’च्या समीक्षकांनी सर्वोत्तम अल्बम म्हणून निवडला तो हा.

या बँडचे, आर. ई. एम.चे, पुढचे सारे चरित्र ‘कुजबुजीकडून स्पष्टतेकडे’ असे सांगण्याची प्रथा आहे. सुरुवातीला गायक पुटपुटत होता तेव्हा गूढता होती. मग तो स्पष्ट बोलू लागला, बँड श्रीमंत झाला आणि जादू गेली, अशी ती कथा. तिच्यात तथ्य आहे, पण ती चुकीच्या ठिकाणी बोट ठेवते असे मला वाटते. शब्द कळतात की नाही यापेक्षा तो आवाज कोणाच्या संगतीत, कोणाच्या विरोधात उभा आहे, हा प्रश्न या बँडच्या बाबतीत जास्त महत्त्वाचा आहे.

जॉर्जिया राज्यातले अथेन्स हे विद्यापीठाचे गाव. तिथल्या रेकॉर्डच्या दुकानात काम करणारा गिटारवादक पीटर बक, तिथे येणारा चित्रकलेचा विद्यार्थी मायकेल स्टाइप, आणि मेकन गावातून शाळेपासूनची मैत्री घेऊन आलेले बेसवादक माइक मिल्स व ड्रमर बिल बेरी, असे हे चौघे. ५ एप्रिल १९८० रोजी एका जुन्या चर्चच्या इमारतीत, मैत्रिणीच्या वाढदिवसाच्या पार्टीत ते पहिल्यांदा वाजवायला उभे राहिले. पुढच्या वर्षी ‘रेडिओ फ्री युरोप’ ही पहिली तबकडी आली, त्याच्या पुढच्या वर्षी आय. आर. एस. कंपनीशी करार झाला. हा तपशील इथेच सोडतो. एक गोष्ट मात्र सोडून चालणार नाही : गाणे कोणीही आणलेले असो, कर्ते म्हणून चौघांची नावे, आडनावांच्या अकारविल्हे क्रमाने, समान हिश्शाने लागत. आणि कोणत्याही निर्णयावर चौघांपैकी प्रत्येकाला नकाराधिकार होता. रॉकच्या इतिहासात बँड फुटण्याचे मोठे कारण म्हणजे गाण्याच्या मानधनावरून होणारी भांडणे. ती इथे मुळातच टळली. पण या व्यवस्थेकडे मी केवळ हिशेबाची सोय म्हणून पाहत नाही. ती ऐकू येते.

‘मर्मर’ लावून पाहा. कंपनीने आधी स्टीव्हन हेग या निर्मात्याबरोबर एक प्रयत्न करून पाहिला होता. तो बँडला मानवला नाही, आणि काम मिच ईस्टर व डॉन डिक्सन यांच्याकडे आले. या दोघांनी नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लट इथे ध्वनिमुद्रण करताना गायकाला समोर आणून उभे केले नाही. स्टाइपचा आवाज वाद्यांच्या पातळीवरच, कधी त्यांच्याही किंचित मागे राहतो. बक रिकनबॅकर गिटारवर स्वरसंघातले सूर एकेक सुटे करून वाजवतो आणि स्वतःसाठी स्वतंत्र तुकडा जवळजवळ कधीच घेत नाही. त्यामुळे रिकामी राहणारी धुनेची जागा मिल्स बेसवर भरून काढतो. या अल्बममध्ये लक्षात राहणारी धून पुष्कळदा बेसचीच असते. त्यावर पुन्हा मिल्स आणि बेरी गातात, आणि गायकाच्या ओळीला दुजोरा न देता वेगळेच काहीतरी गातात. शब्द कळत नाहीत याचे अर्धे श्रेय स्टाइपच्या उच्चारांना. उरलेले अर्धे या गर्दीला. मुखपृष्ठावर कुडझूच्या वेलींनी गिळलेला एक भूभाग आहे. जमिनीची धूप थांबवण्यासाठी अमेरिकेच्या दक्षिणेत मुद्दाम लावलेला हा जपानी वेल पुढे झाडे, खांब, पडकी घरे सगळ्यांवर पसरला. खाली काय आहे ते आकारावरून ओळखायचे. या संगीताचे इतके नेमके वर्णन मी तरी कुठे वाचलेले नाही.

आता १९८६चा ‘लाइफ्स रिच पेजंट’. निर्माता डॉन गेमन, जॉन मेलनकॅम्पच्या दणदणीत, सरळ रॉक अल्बमांचा माणूस. शब्द नीट ऐकू आले पाहिजेत, आणि ऐकू येणार असतील तर त्यांत काही म्हणायलाही हवे, असा त्याने स्टाइपमागे लकडा लावला. वर सांगितलेल्या कथेप्रमाणे ऱ्हास इथून सुरू व्हायला हवा. प्रत्यक्षात याच अल्बमवर ‘फॉल ऑन मी’ आहे, आणि चौघांच्या एकत्र गाण्याचा याहून चांगला नमुना दाखवता येणार नाही. गाण्याचा उगम आम्लवर्षावाच्या विषयात. पुढे त्याचा अर्थ एकूणच डोक्यावरच्या ओझ्यापर्यंत पसरला. ध्रुवपदात तीन आवाज एकाच वेळी तीन वेगळ्या ओळी गातात. वर स्टाइप, त्याच्या अंगाने पण वेगळ्या शब्दांत मिल्स, आणि खाली बेरी, ड्रमवर बसलेला, जणू प्रश्नाला उलटा प्रश्न टाकणारा. मधल्या कडव्यात तर मुख्य गायक बाजूला होतो आणि मिल्स पुढे येतो. पहिल्यांदा ऐकताना आपण एका आवाजामागे जातो, दुसऱ्यांदा दुसऱ्या. शब्द आता कळतात, पण एका वेळी सगळे कळत नाहीत. गूढता गेलेली नाही. तिने फक्त घर बदलले आहे. आधी ती उच्चारात होती, आता आवाजांच्या रचनेत आहे.

कीर्तनात मागे उभे असलेले साथीदार बुवांची री ओढतात. इथे नेमके उलटे : मागचे लोक री ओढायला नकार देतात. नकाराधिकार ऐकू येतो म्हटले ते या अर्थाने.

यानंतरचा चढ वेगवान आहे. १९८७च्या ‘डॉक्युमेंट’पासून स्कॉट लिट हा निर्माता आला, ‘द वन आय लव्ह’ अमेरिकेच्या पहिल्या दहांत पोचले (आणि कटू गाणे असूनही प्रेमगीत म्हणून खपले). मग वॉर्नरशी करार, आणि ८ नोव्हेंबर १९८८ रोजी, अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीच्याच दिवशी, ‘ग्रीन’. या अल्बमवर प्रथमच एका गाण्याचे, ‘वर्ल्ड लीडर प्रिटेंड’चे, शब्द छापले गेले. फक्त एकाच.

१९९१चे ‘लूझिंग माय रिलिजन’ आपल्याकडेही पोचले. भारतात उपग्रह वाहिन्या नुकत्याच येऊ लागल्या होत्या आणि ज्या थोड्या घरांत त्या दिसत तिथे ही चित्रफीत वारंवार दिसे. दिग्दर्शक होता जालंधरमध्ये जन्मलेला तरसेम सिंग. काराव्हाज्जोची चित्रे आणि गार्सिया मार्केसची पंखवाल्या म्हाताऱ्याची कथा यांच्या जोडीला त्याने देवादिकांच्या भडक प्रतिमाही आणल्या. आपल्या प्रेक्षकाला त्यांत कॅलेंडरचे ओळखीचे रंग दिसले तर नवल नाही. शीर्षकामुळे ‘धर्म सोडल्याचे गाणे’ असा गैरसमज इथे आणि तिथेही झाला. वस्तुतः तो अमेरिकेच्या दक्षिणेतला वाक्प्रचार आहे. संयम सुटणे, अगदी टेकीला येणे असा त्याचा अर्थ. बक मँडोलिन वाजवायला शिकत होता, त्या सरावातून निघालेल्या एका ओळीवर हे सारे उभे आहे. लोकप्रिय गाण्याला हवे ते ठसठशीत ध्रुवपद त्यात नाहीच. तरीही ते अमेरिकेत चौथ्या क्रमांकावर गेले.

पुढच्याच वर्षीचा ‘ऑटोमॅटिक फॉर द पीपल’ हा बँडचा सर्वांत आदराने उल्लेखला जाणारा अल्बम. नाव अथेन्समधल्या एका खाणावळीच्या ब्रीदवाक्यावरून घेतलेले, तंतुवाद्यांची रचना काही गाण्यांत लेड झेपलिनच्या जॉन पॉल जोन्सची. त्यातले ‘एव्हरीबडी हर्ट्स’ हे स्टाइपने गायलेल्यांपैकी सर्वांत सोप्या शब्दांचे गाणे. किशोरवयीन मुलांना थेट कळावे म्हणून ते तसे ठेवले, असे बकने पुढे लिहिले आहे. कुजबुजीच्या चाहत्यांना हा विश्वासघात वाटला. मला हे गाणे फार आवडते असे नाही; पण ते फसत नाही, आणि का फसत नाही हे पाहण्यासारखे आहे. गाणे मुख्यतः बेरीचे, म्हणजे ड्रमरचे, आणि त्यात ठेका धरायला स्वस्तातले ड्रम मशीन. आपल्या गाण्यातून आपले वाद्य काढून घेणारा ड्रमर हा त्या चौघांच्या व्यवस्थेचाच पुरावा. स्पष्ट उच्चार हा इथे चौघांनी मिळून घेतलेला निर्णय वाटतो.

१९९४च्या ‘मॉन्स्टर’वर त्यांनी तो निर्णय फिरवला. थरथरणाऱ्या, फाटलेल्या गिटारींच्या भिंतीत स्टाइपला पुन्हा गाडले. लाखो लोकांनी ‘ऑटोमॅटिक’च्या आठवणीने हा अल्बम विकत घेतला आणि पुष्कळांनी जुन्या रेकॉर्डच्या दुकानांत नेऊन विकला. या अल्बमच्या दौऱ्यात, १ मार्च १९९५ रोजी स्वित्झर्लंडमधल्या लोझान इथे, बेरीच्या मेंदूतली फुगलेली रक्तवाहिनी रंगमंचावरच फुटली. तो वाचला, दौराही पुरा केला. त्याच दौऱ्यात, ठिकठिकाणी ध्वनिमुद्रित करत जमवलेला ‘न्यू ॲडव्हेंचर्स इन हाय-फाय’ हा १९९६चा अल्बम माझ्या मते त्यांचा सर्वांत भरलेला. त्यात कुजबुज, पाढा, आरडाओरडा, पॅटी स्मिथचा पाहुणा आवाज, सगळे आहे. त्याच सुमारास वॉर्नरशी नवा करार झाला. आकडा ८ कोटी डॉलरचा सांगितला गेला. वर्षभरात, ऑक्टोबर १९९७मध्ये, बेरी बाहेर पडला आणि शेतावर गवत पिकवू लागला. आपण गेल्याने बँड मोडणार असेल तर जाणार नाही, अशी त्याची अट होती. तीन पायांचा कुत्राही कुत्राच असतो, त्याला फक्त वेगळे धावायला शिकावे लागते, अशा अर्थाचे स्टाइप तेव्हा बोलला.

१९९८च्या ‘अप’मध्ये ड्रम मशीन आणि सिंथेसायझर आहेत, आणि पहिल्यांदाच सगळ्या गाण्यांचे शब्द छापलेले आहेत. दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडाव्यात हा मला योगायोग वाटत नाही. ड्रम मशीन ‘एव्हरीबडी हर्ट्स’मध्येही होते, पण तिथे ते जिवंत ड्रमरने निवडलेले होते, इथे रिकाम्या खुर्चीवर बसवलेले आहे. गाण्यांची गती आता गायकाच्या श्वासाने ठरते. मिल्स होताच, आणि ‘ॲट माय मोस्ट ब्युटिफुल’मध्ये बीच बॉइजच्या वळणाची सुरेख आवाजांची साथ आहे. पण ती साथ आहे. तिसरा, खालून अडवणारा आवाज नाही. इथे मात्र री ओढली जाते. तरी ‘अप’मध्ये शोक आहे, चाचपडणे आहे, म्हणून तो ऐकवतो. २००४चा ‘अराउंड द सन’ मात्र ऐकवत नाही, आणि हे बकलाही मान्य होते. कंटाळलेली माणसे वाजवत असल्यासारखा तो वाटतो, असे त्याने नंतर उघड सांगितले. त्यातले शब्द मात्र एकूणएक कळतात.

ही घसरण बँडला कळत होती. २००७ साली डब्लिनच्या ऑलिम्पिया थिएटरमध्ये अर्धवट गाणी प्रेक्षकांसमोर वाजवून तपासली, आणि पुढच्या वर्षी पस्तीस मिनिटांच्या आत संपणारा ‘ॲक्सेलरेट’ काढला. बिल रीफ्लिनच्या ड्रम्सनी त्यात धाव आणली. मार्च २०११मध्ये ‘कोलॅप्स इन्टू नाउ’ आला, तो १५वा अल्बम. २१ सप्टेंबर २०११ रोजी त्यांनी कोणतेही भांडण न करता बँड संपल्याचे जाहीर केले.

२०१९ साली, ‘मॉन्स्टर’च्या २५ वर्षांनिमित्त, एक वेगळाच पुरावा हाती आला. स्कॉट लिटला आपले त्या वेळचे ध्वनिमिश्रण कधीच पटले नव्हते. त्याने सगळा अल्बम नव्याने मिसळला. गिटारी मागे नेल्या, स्टाइपला पुढे आणले. दोन्ही आवृत्त्या आता शेजारी ठेवून ऐकता येतात. नव्या आवृत्तीत कितीतरी ओळी प्रथमच कळतात, आणि त्या चांगल्याही आहेत. ‘लेट मी इन’ हे कर्ट कोबेनच्या मृत्यूनंतरचे गाणे त्यात एखाद्या पत्रासारखे वाचता येते. जुन्या आवृत्तीत तोच माणूस गिटारींच्या गोंगाटापलीकडून हाक मारत असतो, आणि हाक पलीकडे पोचते की नाही हे आपल्याला कळत नाही. मी दोन्ही ठेवल्या आहेत. लावतो ती जुनीच.