‘होप फ्लोट्स’ : नव्या आरंभाची किंमत कोण मोजते?

प्रस्तावना

सुखान्त प्रेमपटांची गंभीर समीक्षा करण्याची प्रथा आपल्याकडे फारशी रूढ नाही. ‘निव्वळ मनोरंजन’ असा शेरा मारला की समीक्षक आपल्या जबाबदारीतून मोकळा होतो. वस्तुतः एखाद्या समाजाला कशाने दिलासा मिळतो, हे अशाच चित्रपटांतून अधिक स्पष्टपणे कळते. या दृष्टीने प्रस्तुत लेखात फॉरेस्ट व्हिटेकर दिग्दर्शित ‘होप फ्लोट्स’ (१९९८) या अमेरिकन चित्रपटाचा विचार केला आहे. पटकथा स्टीव्हन रॉजर्स यांची असून प्रमुख भूमिकांत सँड्रा बुलक, हॅरी कॉनिक ज्युनिअर आणि जीना रोलंड्स आहेत. मोडलेल्या संसारानंतर लहान गावात परतलेल्या स्त्रीची ही प्रेमकथा म्हणून चित्रपट ओळखला जातो. परंतु त्याचे खरे सामर्थ्य प्रेमकथेत नसून तिच्याभोवतीच्या माणसांत आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

कथासूत्र

शिकागोत राहणारी बर्डी प्रुइट दूरचित्रवाणीवरील एका कार्यक्रमात जाते. तेथे आपल्या रूपसज्जेची व्यवस्था झाली असावी, अशी तिची समजूत असते. प्रत्यक्षात तिची जिवलग मैत्रीण कॉनी हजारो प्रेक्षकांसमोर बर्डीच्या नवऱ्याशी, बिलशी, असलेल्या संबंधांची कबुली देते. बर्डी लहान मुलगी बर्निसला घेऊन टेक्सासमधील स्मिथव्हिल या आपल्या गावी, आई रमोनाच्या घरी येते. शाळेच्या दिवसांत ती गावाची सौंदर्यराणी होती. आता तिची झालेली फजिती अवघ्या गावाने पाहिलेली आहे. नोकरी मागायला गेल्यावर समोर बसलेली अधिकारी ही तिने शाळेत कधीकाळी हिणवलेली वर्गमैत्रीण निघते. अखेर छायाचित्रे धुऊन देणाऱ्या दुकानात तिला काम मिळते. दरम्यान जुना सहाध्यायी जस्टिन तिच्या आयुष्यात येतो. सुतारकाम व बांधकाम करणारा हा शांत स्वभावाचा पुरुष फार पूर्वीपासून तिच्यावर प्रेम करीत आलेला असतो. पुढे काय होणार, हे प्रेक्षकाला ठाऊक असते आणि तसेच ते होते.

लहान गावाचे कल्पनाचित्र

या प्रकारच्या चित्रपटांतील गाव हे बव्हंशी अर्थव्यवस्थेविना असते. स्मिथव्हिल हे खरे गाव आहे. ऑस्टिनच्या आग्नेयेस, कोलोरॅडो नदीकाठी वसलेले हे गाव रेल्वेच्या आधाराने वाढले. चित्रपटात मात्र मोठमोठी झाडे, ऐसपैस ओसरीची घरे आणि संध्याकाळचा सोनेरी उजेड एवढेच दिसते. बर्डीपाशी किती पैसे आहेत, मुलीच्या पालनपोषणासाठी बिल काय देणार, याविषयी चित्रपट जवळजवळ मौन बाळगतो. आज हा चित्रपट पाहताना आणखी एक गोष्ट जाणवते. बर्डीला उभे करणारी नोकरी रीळ धुण्याची आहे. पुढील दशकात डिजिटल कॅमेऱ्याने हा व्यवसाय मोडीत काढला आणि २०१२ मध्ये कोडॅकलाही दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. म्हणजे चित्रपट संपल्यावर थोड्याच वर्षांत बर्डीला पुन्हा एकदा आरंभ करावा लागला असता. त्या वेळी तिच्यापाशी आईही नसती.

माहेर : एक समीक्षासंज्ञा

बर्डीला सावरतो कोण? जस्टिन, असे कथेची मांडणी सांगते. पण जस्टिन येण्यापूर्वी तिच्या डोक्यावर छप्पर आहे, मुलीच्या ताटात जेवण आहे आणि ती दिवसभर अंथरुणात पडून राहिली तरी घर चालू आहे. हे सारे रमोनाचे कर्तृत्व होय. मराठीतील ‘माहेर’ या शब्दाने ही स्थिती नेमकी सांगता येते. माहेर हे चार दिवस विसाव्याला जाण्याचे ठिकाण. कायमची परतलेली मुलगी मात्र त्याच घरात एक प्रश्न होऊन बसते. बर्डीच्या वाट्याला आलेली गावाची कुजबुज मराठी वाचकाला मुळीच परकी वाटणार नाही. रमोना मात्र लेकीला प्रश्न होऊ देत नाही. पण तिला केवळ प्रेमळ माताही म्हणता येणार नाही. ती थट्टेखोर आहे, हट्टी आहे. मेलेल्या प्राण्यांच्या कातड्यांत भुसा भरून ते घरभर मांडण्याचा तिचा विचित्र उद्योग चालतो. जॉन कॅसाव्हेट्स यांच्या ‘अ वुमन अंडर द इन्फ्लुअन्स’ (१९७४) मधील अभिनयासाठी ख्यातकीर्त झालेल्या रोलंड्स यांनी ही भूमिका भाबडेपणापासून कटाक्षाने दूर ठेवली आहे.

अनेकांचे आरंभ

सूक्ष्मपणे पाहिल्यास नव्याने आरंभ करणारी बर्डी एकटीच नाही. बिल आणि कॉनीही नवे आयुष्य सुरू करीत आहेत. रमोनाच्या घरी वाढणारा ट्रॅव्हिस हा बर्डीच्या बहिणीचा मुलगा. त्याची आईही स्वतःचे नशीब काढायला दूर निघून गेली आहे. तेव्हा कथेत आरंभ अनेक आहेत. फरक इतकाच की मुलांना कोण सांभाळते. एकाच्या नव्या आरंभाचा भार दुसऱ्यावर पडतो आणि या घरात तो सतत रमोनावर पडत आलेला आहे. तिचा स्वतःचा नवरा स्मृतिभ्रंशाने शुश्रूषागृहात आहे. तिच्या नव्या आरंभाचा प्रश्न मात्र चित्रपटात कोणालाच पडत नाही.

या अर्थाचा कळस एका प्रसंगात होतो. रमोनाच्या अंत्यविधीला आलेला बिल परत निघतो, तेव्हा बर्निस आपली बॅग भरून त्याच्या गाडीपाशी येते. बापाला आपण हवे आहोत, अशी तिची खात्री असते. तो तिची बॅग काढून खाली ठेवतो आणि निघून जातो. आक्रोश करणाऱ्या लेकीला बर्डी उचलून घरात नेते. बर्निसची भूमिका करणाऱ्या मे व्हिटमन या बालअभिनेत्रीने हा प्रसंग इतक्या खरेपणाने वठविला आहे की त्यानंतरचे सारे प्रेमप्रसंग फिके वाटतात. मोठ्यांना संसार नव्याने मांडता येतो. मुलाला बाप नव्याने मांडता येत नाही. सुखान्त चित्रपटाने हे इतक्या उघडपणे दाखवावे, ही लहान गोष्ट नव्हे.

मर्यादा

मात्र चित्रपट येथे टिकून राहत नाही. रमोनाचा मृत्यू कथेच्या फार सोयीच्या क्षणी घडतो. ती गेल्यामुळे बर्डी घरातील कर्ती बाई होते, दोन्ही मुले तिच्या पदराखाली येतात आणि जस्टिनसाठी जागा मोकळी होते. जिने सर्वांचे आरंभ शक्य केले, तिच्या जाण्याचा शोक प्रेमकथेच्या पूर्ततेत विरून जातो. मार्टिन स्कॉर्सेसी यांच्या ‘अ‍ॅलिस डझन्ट लिव्ह हिअर एनीमोअर’ (१९७४) शी तुलना केल्यास हा फरक ठळक होतो. तेथील विधवा अ‍ॅलिस मुलाला घेऊन मजल-दरमजल करीत जाते, वाटेत उपाहारगृहात वाढपिणीचे काम करते. तिच्यामागे माहेरचे घर नाही. त्यामुळे प्रत्येक दिवसाचा हिशेब प्रेक्षकासमोर येतो. ‘होप फ्लोट्स’मध्ये तो हिशेब रमोनाने आधीच चुकता केलेला असल्याने दिसत नाही. पुढे ‘स्वीट होम अलाबामा’ (२००२) सारख्या चित्रपटांनी आणि दूरचित्रवाणीवरील असंख्य प्रेमपटांनी शहरातून परतलेली नायिका व गावातला कष्टाळू नायक हा साचा तेवढा उचलला. अंगणात बॅग घेऊन उभी राहिलेली बर्निस मात्र त्यांत सहसा आढळत नाही.

समारोप

आरंभ भयावह असतो, शेवट दुःखाचा असतो, खरे महत्त्व मधल्या काळाला असते, अशा आशयाचे आईचे बोल बर्डी चित्रपटाच्या अखेरीस आठवते. चित्रपटाने स्वतःच दिलेली ही कसोटी त्याला लावून पाहिली तर निर्णय संमिश्र येतो. त्याचे आरंभ आणि शेवट ठोकळेबाज आहेत. परंतु मधला काळ, म्हणजे कोलमडलेल्या लेकीला अंथरुणातून उठविणारी आई आणि आईवर चिडलेली मुलगी यांचा काळ, अस्सल आहे. अशा चित्रपटांतून मिळणारा दिलासा खोटाच असतो, असे मानण्याचे कारण नाही. मात्र तो कोणाच्या श्रमावर उभा आहे, हे विचारणे समीक्षेचे काम आहे. संसार मोडून परतलेली एखादी विद्यार्थिनी पुन्हा वर्गात येऊन बसते, तेव्हा तिच्या जिद्दीचे आपण कौतुक करतो आणि ते योग्यच आहे. त्या वेळी तिचे मूल घरी कोणापाशी आहे, हेही विचारावे, एवढे भान हा चित्रपट देऊ शकतो.