‘ज्ञा’ची बदनामी

पत्रिकेत विषय वाचून दोघातिघांनी मला आधीच विचारलं की, समीक्षेच्या व्याख्यानमालेत फोनचा अपडेट कुठून आला? प्रश्न रास्त आहे. मी तंत्रज्ञ नाही. माझं आयुष्य मुद्रितं तपासण्यात आणि पुस्तकांवर बरंवाईट लिहिण्यात गेलं. पण गेली काही वर्षं मी एक छंद लावून घेतला आहे. फोनवर किंवा संगणकावर अपडेट येतो, त्याच्यासोबत दोन-चार ओळींची एक टीप येते. आपण ती न वाचता पुढे जातो. मी ती वाचते, आणि त्या अपडेटवर लोक काय बोलले तेही वाचते. टीप हा मजकूर आहे, लोकांचं बोलणं हाही मजकूर आहे, आणि मजकूर आला की तो तपासायची माझी खोड आहे. (हशा)

आज मी एकच उदाहरण घेणार आहे. आयफोनची ११.२.६ ही आवृत्ती, १९ फेब्रुवारी २०१८. आकड्यावरूनच कळेल की हा अगदी किरकोळ अपडेट. नवं काही नाही, रंग बदलले नाहीत, बटणं हलली नाहीत. मुख्यतः एक बिघाड दुरुस्त करायला तो आला होता. त्याच दिवशी त्याच कंपनीच्या मॅकसाठी, घड्याळासाठी आणि टीव्हीच्या डब्यासाठीही तशीच दुरुस्ती आली.

बिघाड काय होता? तेलुगू लिपीतलं ‘ज्ञा’ हे अक्षर एका विशिष्ट तऱ्हेने लिहून कुणी पाठवलं, की ते दाखवताना ॲप बंद पडायचं. निरोप सूचनेच्या पट्टीत आला तर फोनचा मुख्य पडदाच कोलमडायचा. ज्या ॲपमध्ये तो निरोप आला ते पुन्हा उघडायला जावं तर पुन्हा बंद. फेब्रुवारीच्या मध्याला ही बातमी जगभर गेली आणि मग लोकांनी जे केलं ते पाहण्यासारखं आहे. ट्विटरवर काहींनी ते अक्षर मुद्दाम लिहून ठेवलं, म्हणजे ज्याच्या आयफोनवर ते दिसेल त्याचं ॲप बंद पडावं. मित्रांना पाठवणं, गटावर टाकणं, सगळं झालं. ‘टेक्स्ट बॉम्ब’ हा शब्द सर्रास वापरला गेला. बॉम्ब कोण? तर ‘ज्ञा’.

आपल्याकडे ‘अ ते ज्ञ’ म्हणजे संपूर्ण वर्णमाला. ज्ञ आपण ‘द्न्य’ म्हणतो, हिंदीवाले ‘ग्य’ म्हणतात, उच्चारावरून वाद घालायला आपल्याला शतकं पुरलेली नाहीत. पण ‘ज्ञान’ हा शब्द मराठीत, तेलुगूत, कानडीत, सगळीकडे तोच. २०११च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख होते, तेलुगू सांगणारे ८ कोटी ११ लाख. म्हणजे आपल्याएवढीच मोठी, आपल्या शेजारची भाषा. तिच्या ज्ञानाच्या पहिल्या अक्षराला आठवडाभर जगाने बॉम्ब म्हटलं.

आता इथे माझ्यासारख्या माणसाला लगेच अस्मितेचा उमाळा येतो. मलाही आला होता. पण मुद्रितशोधकाने आधी अक्षर नीट पाहायचं असतं, आणि ते पाहिल्यावर माझा उमाळा थोडा ओसरला. कारण फोन बंद पाडणारा ‘ज्ञा’ हा कुणी तेलुगू माणूस रोज लिहितो तो ‘ज्ञा’ नव्हता. त्यात पाच चिन्हं होती. पहिला ज. मग त्याचा पाय मोडणारं चिन्ह. मग ञ. शेवटी काना. आणि ञ व काना यांच्या मध्ये एक चिन्ह, जे दिसत नाही. त्याचं नाव ‘झीरो विड्थ नॉन-जॉइनर’. रुंदी शून्य. काम एवढंच की शेजारच्या दोन अक्षरांना ‘जोडू नका’ म्हणून सांगायचं. एरवी ‘ज्ञान’ टाइप करताना ते या जागी येत नाही. तेव्हा ‘आमचा ज्ञान शब्दच फोनला चालत नाही’ असं जे काही जण रागाने बोलले, तेही पुरतं खरं नव्हतं.

पण म्हणून ते अदृश्य चिन्ह उपरं आहे असं मात्र नाही. तुम्हाला ओळख नसेल, तुमच्या घरात ते आहे. ‘उद्घाटन’ हा शब्द घ्या. द आणि घ जोडून छापले की निमंत्रणपत्रिका वाचणारे निम्मे लोक ‘उद्धाटन’ वाचतात, आणि पत्रिका जुळवणाराही पुढच्या वेळी तसंच जुळवतो. म्हणून आम्ही द चा पाय मोडून घ वेगळा ठेवतो: ‘उद्‌घाटन’. संगणकावर हे करायचं तर तेच अदृश्य चिन्ह मध्ये घालावं लागतं. त्याचं जुळं भावंडही आहे, जोडणारं. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ यातला फरक मराठी माणसाला सांगायला नको, एकात डोंगर आहे आणि एकात समुद्र. तो डोळ्याच्या पापणीसारखा अर्धा र संगणकावर आणायचा एक मार्ग या दुसऱ्या अदृश्य चिन्हातून जातो.

एका छापखान्यात, नाव सांगत नाही, ते लोक भले आहेत, एकदा संगणकावर कसलासा अपडेट चढवला गेला. दुसऱ्या दिवशी माझ्यापुढे मुद्रितं आली. सह्याद्रीवरचं पुस्तक, आणि त्यात शिवरायांचे मावळे सगळीकडे ‘दर्याखोर्यांतून’ फिरत होते. (हशा) जुळणी करणाऱ्या मुलाला मी झापलं. तो म्हणाला, “ताई, मी काही केलं नाही, काल बरोबर होतं.” मी विश्वास ठेवला नाही. तीन फॉर्म त्याच्याकडून पुन्हा हाताने दुरुस्त करून घेतले. पुढे कळलं की नव्या आवृत्तीने ती न दिसणारी चिन्हं पुसून टाकली होती. मुलगा खरं बोलत होता. मी चूक कुणाच्या माथी मारली? जो लिहिणारा होता त्याच्या. हा प्रसंग मला ‘ज्ञा’च्या वेळी आठवला, आणि म्हणून मी टिपेकडे वळले.

आयफोनच्या त्या अपडेटची टीप काय म्हणते? माझ्या शब्दांत सांगते: ठरावीक अक्षरक्रम वापरले असता ॲप बंद पडण्याची अडचण दूर केली आहे. तेलुगू हा शब्द नाही. सारं जग आठवडाभर ज्या भाषेचं नाव घेत होतं, तिचं नाव टिपेत नाही. याला कुणी सभ्यपणा म्हणेल, की एका भाषेला कशाला बोट दाखवायचं. मीही तसं म्हटलं असतं. पण कंपनीची दुसरी एक टीप असते, सुरक्षेविषयीची, अभियंत्यांसाठी. तिच्यात या दोषाला क्रमांक आहे, सीव्हीई-२०१८-४१२४, आणि घटकाचं नाव आहे कोअरटेक्स्ट, म्हणजे पडद्यावर अक्षरं मांडणारा भाग. तिथली वाक्यरचना अशी आहे की, दुष्ट हेतूने घडवलेली अक्षरमाला हाताळताना स्मृतीत बिघाड होऊ शकतो, आणि तो बिघाड येणाऱ्या मजकुराची तपासणी सुधारून दूर केला आहे.

मंडळी, या वाक्यावर मी थांबणार आहे, कारण सगळा खटला त्यात आहे.

‘दुष्ट हेतूने घडवलेली’. मला माहीत आहे, हा ठरलेला साचा आहे. चित्र असो, वेबपान असो, फॉन्ट असो, सुरक्षेच्या टिपांत हेच विशेषण येतं. सरकारी पत्रात ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ येतं तसं. लिहिणाऱ्याच्या मनात तेलुगूविषयी काही आकस होता असं मी म्हणत नाही. पण साचा कुठे बसतो आणि कुठे बसत नाही हे पाहायचं की नाही? एखादी चित्राची फाइल मुद्दाम मोडून-तोडून पाठवली तर तिला दुष्ट म्हणा. इथे पाचही चिन्हं युनिकोडमधली, रीतसर. एकही मोडलेलं नाही. ती एकामागून एक लिहायला कुठलाही मज्जाव नाही. फार तर मधलं चिन्ह अनावश्यक होतं, आपण दोनदा पूर्णविराम देतो तसं. अनावश्यक आणि दुष्ट यांत अंतर आहे.

आणि ‘येणाऱ्या मजकुराची तपासणी सुधारली’. म्हणजे दारावरचा पहारा वाढवला! बिघाड घरातल्या वाचणाऱ्यात, त्याला आपलं जोडाक्षर मांडता आलं नाही, आणि वाक्य सांगतं की बाहेरून येणाऱ्याची झडती आता नीट घेऊ. लोकांनी ‘बॉम्ब’ म्हटलं ते चेष्टेत. टिपेने तेच प्रमाण भाषेत लिहिलं.

हे मी ओढूनताणून बोलत नाही ना? म्हणून मी जवळचंच दुसरं प्रकरण शेजारी ठेवून पाहिलं. तोच फोन, साडेतीन महिने आधी. ३१ ऑक्टोबर २०१७ला ११.१ ही आवृत्ती आली आणि कित्येकांच्या फोनवर इंग्रजीतला ‘आय’ टाइप होईना. ‘आय’ लिहावं तर त्याजागी ‘ए’ आणि पुढे चौकोनातलं प्रश्नचिन्ह. इंग्रजीत ‘मी’ म्हणायचीच सोय राहिली नाही! लोक चिडले, भरपूर हसले, कंपनीने तात्पुरता उपायही सांगितला, आणि ९ नोव्हेंबरला ११.१.१ आली. तिची टीप काय? कीबोर्डच्या ऑटोकरेक्टमधली अडचण दूर केली. पाहा. दोष ऑटोकरेक्टचा, म्हणजे यंत्राचा. ‘ठरावीक अक्षर वापरले असता’ असं तिथे कुणी लिहिलं नाही. ‘आय’ या अक्षराला कुणी घातक म्हटलं नाही.

प्रामाणिकपणे सांगायचं तर दोन प्रकरणं तंतोतंत सारखी नाहीत. ‘आय’मुळे दुसऱ्याचा फोन बंद पाडता येत नव्हता, ‘ज्ञा’मुळे येत होता, आणि शस्त्र म्हणून वापरता येईल अशा गोष्टीला सुरक्षेची टीप लागतेच. दिरंगाईचा आरोपही मी करणार नाही. बातमी पसरल्यापासून काही दिवसांतच दुरुस्ती आली, २१ फेब्रुवारीच्या मातृभाषा दिनाच्या दोन दिवस आधी, हा योगायोग. माझी तक्रार वेगाबद्दल नाही, शब्दांबद्दल आहे.

आणि शब्दांची ही सवय आधीपासूनची आहे. २०१५च्या मे महिन्यात आयफोन असाच बंद पाडणारा एक निरोप फिरत होता. त्यात इंग्रजी शब्द होते, अरबी अक्षरं होती, एक चिनी चिन्ह होतं, आणि कुणाच्या लक्षात आलं नसेल, आपल्या देवनागरीतली ॡ ची मात्राही होती, जी मराठीत मी आयुष्यात एकदाही दुरुस्त केलेली नाही, कारण कुणी लिहीतच नाही. सूचनेच्या पट्टीत मावावं म्हणून मजकूर कापताना गाडी अडायची. २०२०मध्ये सिंधी अक्षरांवरून तसंच झालं. ज्या लिप्यांमध्ये अक्षरं एकमेकांना बिलगतात, खालीवर बसतात, रूप बदलतात, तिथेच हे पुन्हापुन्हा का होतं? कारण तिथे काम अवघड आहे. एकापुढे एक ठोकळे मांडण्याइतकं ते सोपं नाही. मग ते अवघड काम नीट झालं नाही असं म्हणा, लिपी विचित्र आहे असं सुचवू नका.

त्या आठवड्यात जे काही लिहिलं गेलं त्यातलं मला सर्वांत मोलाचं वाटतं ते एका तरुण भारतीय अभियंत्याचं टिपण. त्याने काय केलं? राग काढला नाही, गंमत केली नाही. अक्षरं एकेक करून बदलून पाहिली. ज च्या जागी दुसरं व्यंजन, ञ च्या जागी तिसरं, काना काढून वेलांटी. आणि दाखवून दिलं की हे एका अक्षराचं प्रकरणच नाही. तेलुगूत शेकडो जोड्यांनी हे होतं. बंगालीत होतं. आणि देवनागरीतही होतं, दुसरं व्यंजन र असेल तर. म्हणजे क्र, प्र, त्र. म्हणजे तुमचं-माझं. आपल्यातले जे लोक ‘तेलुगू बॉम्ब’ पुढे ढकलत होते त्यांच्या स्वतःच्या लिपीत तोच दारूगोळा होता, त्यांना पत्ता नव्हता.

हे टिपण मी समीक्षा म्हणूनच वाचते. एखादी ओळ का अडते हे शोधताना आपण शब्द बदलून पाहतो, क्रम बदलून पाहतो, तेच त्याने केलं. आणि त्याच्या मांडणीत लिपी आरोपी नव्हती. तिचं व्याकरण होतं, पाय मोडणं होतं, कुठलं व्यंजन कुणाच्या पोटाखाली बसतं ते होतं. त्या आठवड्याच्या गदारोळात ‘ज्ञा’ला अक्षर म्हणून वागवणारं मी वाचलेलं ते एकच लेखन.

आता ती टीप मुद्रित म्हणून माझ्याकडे आली असती तर मी काय दुरुस्ती सुचवली असती, ते सांगते आणि थांबते. समासात लिहिलं असतं: ‘ठरावीक अक्षरक्रम वापरल्यास’ काढा. त्याजागी घ्या: ‘तेलुगू, बंगाली व देवनागरी लिपींतील काही जोडाक्षरे आमच्या प्रणालीस नीट मांडता येत नव्हती, ती आता मांडता येतात.’ दोन ओळींची टीप, तीत एवढं मावतं. मी मोजून पाहिलं आहे.

तो छापखान्यातला मुलगा आता स्वतःचं डीटीपीचं दुकान चालवतो. त्याला मी सॉरी म्हटलं, पण बऱ्याच उशिरा. चला, प्रश्न असतील तर घेऊ या.