आठ दिवसांचे सेवेकरी

(बुलढाणा इथे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)

मघाशी बाहेर चहा घेताना एकाने विचारलं, "सर, अमेरिकेतल्या चर्चच्या सहलींचं आपल्याला काय घेणंदेणं?" रास्त प्रश्न आहे. तिथूनच सुरुवात करतो.

माझा एक मित्र आहे, चिखलीकडचा, ख्रिस्ती. त्याचे आजोबा म्हणजे १८९९-१९०० च्या दुष्काळात अनाथ झालेलं पोर. इथल्या एका मिशनने त्यांना वाढवलं, लिहायला-वाचायला शिकवलं, हातात सुतारकाम दिलं. मित्राचा मुलगा आता टेक्सासला असतो. त्याची सतरा वर्षांची मुलगी यंदा जूनमध्ये तिथल्या चर्चच्या गटाबरोबर आठ दिवस ग्वाटेमालाला निघाली आहे. एका खेड्यात शाळेची खोली बांधायला. तिने फोनवर विचारलं, "आजोबा, तुम्हाला अभिमान वाटतो ना?" आणि हा गडी अडखळला. मला म्हणाला, "काय सांगू रे तिला?" ज्या घराचा मूळपुरुष मिशनच्या ताटात जेवला, त्याच घरातली पोर आता मिशनवर निघालीय. अभिमान वाटायला हरकत नाही. मग अडखळला का? गेले दोन महिने मी यावर वाचतोय, विचार करतोय, त्यातलं काही आज तुमच्यापुढे ठेवतो. धर्मांतराच्या वादात मी आज शिरणार नाही. त्यावर आपल्याकडे नियोगी समितीपासून, म्हणजे १९५४ पासून, भरपूर बोलून झालंय. बुलढाणा तेव्हा मध्य प्रदेशात होता, हे तरुण मंडळींना माहीत नसतं म्हणून जाता जाता सांगितलं.

या प्रकाराला तिकडे 'शॉर्ट टर्म मिशन ट्रिप' म्हणतात. एक-दोन आठवडे परदेशी जायचं, भिंत बांधायची, रंग द्यायचा, मुलांना गाणी शिकवायची, परत यायचं. विमानप्रवास स्वस्त झाला तसा १९६० नंतर हा प्रकार वाढत गेला. रॉबर्ट वुथनाउ या समाजशास्त्रज्ञाच्या अंदाजाने अमेरिकेतले सुमारे १६ लाख चर्च सदस्य एका वर्षात असे परदेशी जाऊन येतात. भारतात हे तितकं सोपं नाही, कारण पर्यटक व्हिसावर धर्मप्रचाराला बंदी आहे आणि मिशनरी व्हिसा वेगळा असतो. म्हणून ओघ जास्त करून मध्य अमेरिका, आफ्रिका, फिलिपाइन्सकडे.

आता आपल्यासारख्याच्या मनात पहिली तुलना येते ती जुन्या मिशनऱ्यांशी. माझ्याही आली. लेटन ट्रेसी १९०४ मध्ये बुलढाण्याला आले. कॅनडाचा माणूस. ही मंडळी पुढे चर्च ऑफ द नाझरीन या पंथात सामील झाली. ट्रेसी दांपत्याने इकडे जवळजवळ तीस वर्षं काढली. डॉ. ऑर्फा स्पायकर १९३६ मध्ये आल्या, वाशीमला दवाखाना उभा केला आणि चाळीसेक वर्षं तिथेच राहिल्या. मराठी शिकल्याशिवाय या लोकांचं पान हलत नव्हतं. रात्री-बेरात्री बैलगाडीतून आलेल्या बाळंतिणीला काय होतंय, ते तिच्याच भाषेत समजून घ्यावं लागतं. तेव्हा वाटतं, कुठे ते चाळीस वर्षं राहणारे आणि कुठे हे आठ दिवसांचे पाहुणे!

पण इथे मी स्वतःलाच थांबवलं. मुक्काम लांबला की सगळं ठीक होतं का? वाशीमच्या त्या दवाखान्याचं नाव बघा: रेनॉल्ड्स मेमोरियल. हे हायरम रेनॉल्ड्स कोण? अमेरिकेतून पंथाच्या मिशनचा कारभार पाहणारे अधिकारी. त्यांच्या योग्यतेबद्दल मला शंका नाही. पण राबणारे हात वाशीमला आणि पाटीवरचं नाव कचेरीतलं, यातून कारभाराची दिशा कळते. पैसा तिकडून, ठराव तिकडून. आणि हे सगळ्याच मिशनांचं होतं, एकट्या नाझरीनचं नाही. नारायण वामन टिळकांना हेच सलत होतं. १९१७ मध्ये त्यांनी अमेरिकन मराठी मिशनची पगाराची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' सुरू केला. ज्यांनी बाप्तिस्मा घेतलेला नाही त्यांनाही त्यात जागा होती. दोनच वर्षांत ते गेले, त्यामुळे त्या दरबाराचं पुढे काय झालं असतं हे सांगता येत नाही. मिशनरी मंडळी तर दशकानुदशकं इथे राहत होती, भाषा जाणत होती, तरी टिळकांना बाहेर पडावं लागलं. म्हणजे दुखणं मुक्कामाच्या दिवसांत नव्हतं. काम कुणी ठरवायचं, यात होतं.

हे मला पुस्तकातून कळलं असं म्हणालो तर खोटं होईल. हे मला एका म्हातारीने शिकवलंय. कॉलेजात असताना मी एनएसएसमध्ये होतो. सात दिवसांचं शिबिर, दत्तक गाव, तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी केलं असेल. आमचं शिबिर जानेवारीत होतं, कारण कॉलेजच्या वेळापत्रकात तेव्हा जागा होती. आम्ही नाल्यावर वनराई बंधारा घातला. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरली, तोंडं शिवली, थरावर थर रचले, हाताला फोड आले. फोटो निघाले. सातव्या दिवशी समारोपाला गावजेवण, सरपंचांचं भाषण, आमचे डोळे ओले. निघताना एक आजी मला म्हणाल्या, "बाप्पा, बांध चांगला केला तुमी. पन पानी कुठी हाय त्यात अडवाले?" नाला दिवाळीनंतरच आटला होता. वनराई बंधारा घालायचा तर पाऊस उघडल्यावर, धार वाहती असताना घालतात, हे त्या गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मी विचारलं, "आजी, मग आधी कोणी सांगितलं का नाही?" तर म्हणतात, "आता पावने आले घरी, त्याईले नाही कसं म्हनाव?"

हे वाक्य मी चाळीस वर्षं बाळगून आहे.

होंडुरासमध्ये कर्ट व्हर बीक नावाच्या संशोधकाने याच गोष्टीचा नीट अभ्यास केला. तो स्वतः ख्रिस्ती, तिथेच राहणारा, म्हणजे बाहेरून दगड मारणारा नव्हे. १९९८ मध्ये मिच वादळाने लाखो लोक बेघर झाले. उत्तर अमेरिकेतल्या चर्चचे गट घरं बांधायला गेले. काही घरं या पाहुण्यांनी बांधली, काही स्थानिक संस्थांनी. एक घर बांधायला सुमारे २,००० डॉलर लागत. गटाच्या प्रवासासकट खर्च ३०,००० डॉलरच्या आसपास जाई. काही वर्षांनी त्याने घरमालकांना गाठलं. पाहुण्यांनी बांधलेल्या घरातलं कुटुंब आणि स्थानिकांनी बांधलेल्या घरातलं कुटुंब, आयुष्यात फरक काही नव्हता. पाहुणे आवडले होते सगळ्यांना. पण त्याच पैशात आणखी घरं झाली असती तर बरं, असं त्यांचं म्हणणं. बरं, निदान जाणारे तरी बदलले का? ते म्हणत होते, आम्ही आता जास्त दान देतो. देणग्यांच्या नोंदी तपासल्या तर तसं फारसं दिसलं नाही. आमच्या शिबिरातल्या ओल्या डोळ्यांचा हिशोब कुणी काढला नाही, हे आमचं नशीब.

याच्याही आधी, १९६८ मध्ये, इव्हान इलिच या कॅथलिक धर्मगुरूने मेक्सिकोला सेवेसाठी निघालेल्या अमेरिकन विद्यार्थ्यांना तोंडावर सांगितलं होतं की बघायला या, शिकायला या, मदत करायला येऊ नका. भाषण जबरदस्त आहे. पण मला ते पूर्ण पटत नाही. का, ते सांगतो. शेगाव आपल्यापासून किती लांब? गजानन महाराजांच्या मंदिरात सेवेकरी असतात. पाळीने येतात, काही दिवस राहतात, जातात. गावाकडचा शेतकरी असतो, नोकरदार असतो. कुणी चपला सांभाळतो, कुणी वाढतो, कुणी झाडू मारतो आणि समोरच्याला 'माउली' म्हणतो. हीसुद्धा मोजक्या दिवसांचीच सेवा आहे की! पण तिथे सेवेकऱ्याने आपल्या मनाने काम काढायचं नसतं. संस्थानला माहीत असतं आज पंगती किती, हात किती हवेत. तुम्ही इंजिनिअर असा नाहीतर प्राध्यापक, झाडू दिला की झाडू मारायचा. आणि माणसं पुरेशी असतील तर थांबा म्हणतात, पाळी येईल तेव्हा या. म्हणजे नाही म्हणायची सोय आहे. त्या आजींना ती नव्हती, होंडुरासच्या कुटुंबांनाही नव्हती. शेगावची तुलना अगदी तंतोतंत बसत नाही, तेही कबूल करतो. तिथे येणारा आणि बोलावणारा एकाच भाषेचे, एकाच श्रद्धेचे. परक्या देशात, परक्या पैशासमोर 'आत्ता नको' म्हणायला छाती लागते.

तर मित्राला मी सांगितलं, पोरीला अभिमानाचं काहीतरी बोल, तिचं मन मोडू नको. फक्त एक विचारायला सांग: त्या गावात गवंडी नाहीत का? आणि असतील, तर खोली बांधायचं कुणी ठरवलं? तिने गटाच्या प्रमुखाला ईमेल केली. मित्र म्हणाला, "तुझ्यामुळे पोर वाईट ठरेल तिथे." ठरेलही. जून अजून लांब आहे, उत्तर आलेलं नाही.

आता मी बसतो. मागे एका ताईंनी मघापासून हात वर केलाय, आधी त्यांचं ऐकू.