मुक्या मल्लाचे गाव

आपल्या फडात पैलवान पुकारला जातो तो गाव, तालीम आणि वस्ताद यांच्या नावासह. त्या पुकाऱ्याला सरावलेल्या माझ्यासारख्याला अमेरिकी व्यावसायिक कुस्तीतले कृष्णवर्णीय मल्ल पाहताना पहिला प्रश्न पडतो : यांचे गाव कुठे गेले?

नव्वदच्या दशकात केबलबरोबर ‘डब्ल्यूडब्ल्यूएफ’ वसई-विरारच्या घराघरांत आले. त्यातला कामाला, म्हणे युगांडाचा महाकाय रानटी, अनवाणी येई. अंगावर रंगाचे पट्टे, हाती भाला. बोलणे नाहीच, पोटावर थापा मारणे ही त्याची भाषा. सोला टोपीवाला एक सांभाळ्या त्याला हाकारत आखाड्यात आणी. वसाहतवादाचे अख्खे चित्रच ते.

प्रत्यक्षात हा जेम्स हॅरिस, १९५० साली मिसिसिपीत जन्मलेला, कधीकाळी ट्रक चालवणारा. १९८२ मध्ये मेम्फिसच्या जेरी जॅरेट आणि जेरी लॉलर यांनी त्याला युगांडाचा केले.

यावर ठरलेला आक्षेप असा, की तिथे सगळीच सोंगे. अंडरटेकर तरी कुठे खरा मुडदेफरास होता? मान्य. पण त्याच्यावरून कोणी टेक्सासच्या गोऱ्यांना मुडदेफरास ठरवले नाही. गोऱ्याचे सोंग त्याच्यापुरते राहते. काळ्याचे सोंग त्याच्या साऱ्या माणसांना चिकटते. दुसरा फरक जिभेचा. आपल्या तमाशातला सोंगाड्याही सोंगच घेतो, पण राजाची फिरकी घेण्याचा हक्क त्याच्याकडे असतो. कामालाच्या सोंगाची जीभच काढून घेतलेली होती. पुढे हॅरिस यांच्या आत्मचरित्राचे नाव ‘कामाला स्पीक्स’ असावे, हे मला म्हणूनच अर्थपूर्ण वाटते.

२ ऑगस्ट १९९२ रोजी बाल्टिमोरमध्ये रॉन सिमन्स हा कृष्णवर्णीय मल्ल प्रतिस्पर्धी कंपनीचा जगज्जेता झाला. त्याच महिन्याच्या २९ तारखेला लंडनच्या वेम्बलीत कामाला अंडरटेकरशी लढला. त्या लढतीचे आपल्याला १३ हजार डॉलर मिळाले आणि अंडरटेकरला सुमारे ५ लाख, असे हॅरिस नंतर सांगत. पुढे मधुमेहाने त्यांचे दोन्ही पाय गेले. २०२० मध्ये ते वारले.

हा साचा आपल्यापर्यंतही आला. २००६ मध्ये द ग्रेट खली अवतरला, तो पांढऱ्या वाघांशी झुंजणारा, भारताच्या जंगलातला म्हणून. दलीपसिंग राणा मूळचे हिमाचलचे आणि पंजाब पोलिसांत नोकरीला होते. आपण मात्र त्या जंगलाला हरकत न घेता अभिमानाने टाळ्या वाजवल्या.

ही टाळी मला निरुपद्रवी वाटत नाही. मलिक अंबर हबशी होता, हे शाळेत शिकूनही ‘हबशी’ हा शब्द आपण शिवीसारखा वापरतो. आज नालासोपाऱ्यात आफ्रिकी माणसे राहतात. घाना, नायजेरिया असा भेद न करता त्यांना एकाच नावाने हाक मारणारी नजर कामालाच्या प्रेक्षकाचीच आहे. ती बदलायची तर आपल्या फडाचाच रिवाज पुरे : आधी गाव विचारावे, मग माणूस जोखावा.