संकलकाचा हेतू आणि शाळामास्तरांची उत्तरे

वासाहतिक संग्रहवृत्तीची चर्चा बहुधा वस्तूंच्या अनुषंगाने होते. मध्य ऑस्ट्रेलियातील अरुंटा लोकांचे ‘चुरिंगा’, दीक्षा न झालेल्यांच्या दृष्टीसही पडू नयेत असे ते पवित्र फलक, मेलबर्नच्या संग्रहालयात जाऊन पडले, हा तिच्यातील ठरलेला दाखला. कोकणातून वस्तूंपेक्षा उत्तरे गोळा झाली. नाशिकचे कलेक्टर ए. एम. टी. जॅक्सन यांनी गावोगावच्या शाळामास्तरांकडून लोकश्रद्धांची माहिती मिळवली. १९०९ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्याच अनंत कान्हेरे यांनी त्यांचा वध केला. पुढे आर. ई. एन्थोवेन यांनी त्या माहितीचा कोकणविषयक खंड १९१५ मध्ये सिद्ध केला. सारा आणि श्रद्धा यांचा ‘कलेक्टर’ एकच असावा, हा निव्वळ शब्दयोग नव्हे. मात्र ‘पंडित जॅक्सन’ म्हणून ओळखल्या गेलेल्या या अधिकाऱ्याची संस्कृतविषयक आस्था खोटी ठरवण्याचेही कारण नाही. आस्थेने विचारलेला प्रश्नही उत्तराला आपल्या चौकटीत बसवतो, हा खरा मुद्दा आहे.

त्या खंडातील एका प्रकरणाचा विषयच टोटेमवाद आणि जडवस्तुपूजा असा आहे. ‘टोटेम’ हा शब्द उत्तर अमेरिकेतला; स्पेन्सर व गिलेन यांच्या १८९९ च्या ग्रंथानंतर ऑस्ट्रेलिया त्याचे आदर्श उदाहरण ठरली. पुढे एन्थोवेन यांनी मराठ्यांच्या देवकाचा अर्थही याच संज्ञेने लावला. लांज्याकडच्या लग्नघरात देवक बसते आणि कार्य उरकल्यावर ते उठवले जाते. कळंबाची डहाळी असो वा पंचपल्लव, ती जपून ठेवण्यासाठी नसतेच. संग्रहालयाला तिचा उपयोग नाही. नोंदीला मात्र झाला, आणि चार दिवसांचे देवक मानवजातीच्या बाल्यावस्थेचा कायमचा पुरावा होऊन बसले.

आपल्याकडील वसाहतोत्तर समीक्षा साहेबाच्या हेतूपाशी थबकते. मास्तरांचा हेतू कोणी वाचायचा? तळटिपांत बहुतेकांचे नाव नाही. हुद्दा, गाव आणि जिल्हा एवढेच. पण हा लिहिता माणूस निव्वळ हमाल नव्हता. वरून आलेल्या प्रश्नांना उत्तर देताना तो भुताखेतांच्या समजुती पुष्कळदा ‘खालच्या’ जातींच्या नावे टाकतो, आणि स्वतः शहाण्यांच्या बाजूला उभा राहतो. त्याच गावच्या गुरवाला, घाड्याला कोणी प्रश्नपत्रिका पाठवली नव्हती.