देणाऱ्याची वही, घेणाऱ्याचा शब्द

डिसेंबर उजाडला, की कामठीत कन्हान नदीवरून येणारा गारवा अंगाला झोंबू लागतो, वेदीपाशी आगमनकाळाच्या मेणबत्त्या लागतात आणि आमच्या घरी दोन वह्या बाहेर निघतात. एकीत वर्षभर कोणाला काय दिले याची नोंद असते. दुसरीत काय वाचले, काय पाहिले आणि त्यातले काय मनात राहिले याची. वर्षानुवर्षे या वह्या शेजारी शेजारी राहिल्या, पण एकीवरून दुसरी तपासून पाहण्याची बुद्धी आम्हांला यंदाच झाली. त्याचे कारण आधी सांगितले पाहिजे.

गेल्या हिवाळ्यात आम्ही काही मंडळी विडी कामगारांच्या एका वस्तीत ब्लँकेटे वाटायला गेलो होतो. रांगेतल्या एका बाईने हात पुढे करण्याआधी म्हटले, "ब्लँकेट तं मागच्या सालीबी भेटलं जी. पोरीच्या फीचं काई होत असन तं पाहा." आम्ही "पाहू" म्हणालो. छायाचित्र निघेपर्यंत ती थांबली, ब्लँकेट घेतले आणि गेली. घरी येऊन आम्ही वहीत ब्लँकेटांची संख्या लिहिली. तिच्या वाक्याला त्या वहीत रकानाच नव्हता.

तेव्हापासून दुसऱ्या वहीतल्या आवडत्या कलाकृतींना आम्ही एकच प्रश्न विचारू लागलो : सेवेची आणि दानाची कथा सांगताना येथे घेणाऱ्याचा शब्द ऐकू येतो काय?

या कसोटीला सर्वांत खरे उतरते ते लक्ष्मीबाई टिळकांचे 'स्मृतिचित्रे'. १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झालेले हे आत्मचरित्र मराठी ख्रिस्ती कुटुंबांना नव्याने सांगायला नको. रेव्हरंड ना. वा. टिळकांचे औदार्य सर्वश्रुत आहे. पैसा त्यांच्या हाती टिकत नसे आणि समोरच्याची गरज दिसली, की घरातल्या गरजेचा त्यांना विसर पडे. एखाद्या भाविक चरित्रकाराने या दानशूरतेची आरती केली असती. लक्ष्मीबाईंनी तिचा हिशोब मांडला. नवरा देतो तेव्हा डबा कोणाचा रिकामा होतो, हे त्या विसरत नाहीत; रागावतात, थट्टा करतात आणि तरीही त्या माणसावरचे त्यांचे प्रेम ओळीओळीतून पाझरत राहते. त्याच लक्ष्मीबाईंनी पुढे पोरक्या मुलांना पोटाशी धरले. म्हणून त्यांची तक्रार कृपणाची वाटत नाही. दानाची किंमत प्रत्यक्ष मोजलेल्या गृहिणीची ती साक्ष ठरते.

या पुस्तकाचा आणखी एक विशेष आम्हांला फार मोलाचा वाटतो. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला. पण लक्ष्मीबाईंचे सोवळे त्यानंतरही काही काळ सुटले नव्हते. ते कसे सुटले हे त्यांनी कोणताही मोठेपणा न मिरवता सांगितले आहे. दुसऱ्याच्या हातचे पाणी पिणे त्यांना आधी शिकावे लागले. दुसऱ्याला काही देण्यापूर्वी त्याच्याकडून घेता आले पाहिजे, हा धडा कितीतरी प्रवचनांतून आमच्या कानांवर आला असेल. मनावर ठसला तो येथे.

आता आमच्या विदर्भाकडे येऊ. डॉ. प्रकाश आमटे यांचे 'प्रकाशवाटा' हे २००९ सालचे पुस्तक आणि त्यांच्या जीवनावरचा 'डॉ. प्रकाश बाबा आमटे : द रिअल हिरो' हा समृद्धी पोरे दिग्दर्शित २०१४ सालचा चित्रपट, दोन्हींची नोंद आमच्या वहीत आहे. गडचिरोली जिल्ह्यातील हेमलकसा येथे १९७३ साली सुरू झालेल्या लोकबिरादरी प्रकल्पाची ही कथा. पुस्तकात डॉक्टर साध्या भाषेत सांगतात, की आरंभी रुग्ण येतच नसत. माडिया माणसाचा विश्वास बसायला वेळ लागला आणि डॉक्टरांना त्याची भाषा शिकावी लागली. म्हणजे येथे देणाराच प्रथम विद्यार्थी झाला. चित्रपटही कळकळीने केलेला आहे. नाना पाटेकरांचा संयम आम्हांला भावला. परंतु नावापासूनच त्याची दृष्टी नायकावर खिळलेली आहे. माडिया माणसे येतात, बरी होतात आणि पडद्याच्या कडेला उभी राहतात. त्यांना डॉक्टरांविषयी काय वाटले हे आपल्याला थोडेफार कळते; त्यांना काय हवे होते हे मात्र फारसे कळत नाही. दोन-अडीच तासांच्या चित्रपटाकडून पुस्तकाची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे, हे आम्हांला मान्य आहे. तरी आमच्या ब्लँकेटवाटपाच्या छायाचित्राची चौकट आणि या चित्रपटाची चौकट पुष्कळशी सारखी आहे, हे नाकारता येत नाही. चित्रपट पाहताना आमचे डोळे पाणावले होते. ते कोणासाठी, असा प्रश्न आता पडतो.

आणि ज्या विडी कामगारांना आम्ही ब्लँकेटे वाटली, त्यांच्यासाठी याच कामठीत एका तरुणाने निराळी वाट धरली होती. बाबू हरदास (१९०४–१९३९) यांनी येथे रात्रशाळा चालवली, विडी कामगारांना संघटित केले आणि सहकारी तत्त्वावर विडीचा धंदा उभा करण्याचा यत्न केला. त्यांच्यावर 'बोले इंडिया जय भीम' हा मराठी चित्रपट २०१६ साली आला. आमच्या गावच्या या माणसाच्या नावावर आमच्या वहीत एकही नोंद नाही, ही आमच्या आवडीनिवडीची मर्यादाच म्हणायची. ज्याने शाळा मागितली त्याला शाळा आणि ज्याने मजुरी मागितली त्याला मजुरी, हे त्यांचे उत्तर होते.

तर मग दान व्यर्थ काय? तसे आम्ही म्हणत नाही. पोप लिओ चौदावे यांचे 'दिलेक्सी ते' हे पत्र २०२५ च्या ऑक्टोबरात प्रसिद्ध झाले. गरिबाला चांगले काम मिळवून देणे हीच मोठी मदत, असे त्यात सांगितले आहे. पण ते होईपर्यंत त्याला उघड्यावर सोडता येत नाही, म्हणून दानधर्माचीही त्यात पाठराखण आहे. थंडीत कुडकुडणाऱ्याला ब्लँकेट हवेच. प्रश्न एवढाच, की समोरचा कुडकुडतो आहे की दुसरेच काही मागतो आहे, हे आपण ऐकले काय? मंदिरातल्या दानपेटीजवळ बसून प्रभू येशूने विधवेची दोन नाणी पाहिली. तिच्याजवळ मागे काय उरले तेही त्याने पाहिले.

हा लेख लिहिण्यापूर्वी आम्ही त्या वस्तीत पुन्हा जाऊन आलो. ती बाई घरी नव्हती. शेजारीण म्हणाली, मुलगी आता शाळेत जात नाही, आईबरोबर विड्या वळते. यावर आम्हांला काही बोलता आले नाही. नाताळानंतर तिच्या शाळेची चौकशी करायला जायचे ठरवले आहे. उशीर झाला असेल तर तोही वहीत लिहावा लागेल. दरम्यान पहिल्या वहीत 'काय दिले' याच्या आधी एक नवा रकाना आखला आहे : 'काय मागितले होते?' त्यातली पहिली ओळ भरली आहे. तिच्यापुढचा 'काय दिले' चा रकाना अद्याप कोराच आहे.