देवनागरी अक्षराची बाह्यरेषा आणि प्रभा : संगणकीय अलंकरणाची एक चिकित्सा

प्रस्तावना

चौकातील शुभेच्छा फलक, दुकानाची पाटी, लग्नपत्रिका आणि महाविद्यालयीन चर्चासत्राचा फलक यांत एक समान गोष्ट आढळते. शीर्षकाच्या अक्षरांना पांढरी कडा असते, तिच्याबाहेर काळी किंवा लाल कडा असते आणि त्या सर्वांभोवती पिवळसर प्रकाशाचे वलय पसरलेले असते. कोरलड्रॉ, फोटोशॉप व इलस्ट्रेटर या प्रणालींत 'आउटलाइन', 'स्ट्रोक', 'ग्लो' अशा नावांनी ही साधने उपलब्ध आहेत. त्यांचा वापर इतका रूढ झाला आहे की, त्यांच्याविना मजकूर अपुरा वाटू लागला आहे. या अलंकरणामुळे देवनागरी अक्षराचे नेमके काय होते, याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश होय.

बाह्यरेषेचे मूळ प्रयोजन

बाह्यरेषा मुळात निरर्थक नाही. पार्श्वभूमी स्थिर नसेल तेथे अक्षर वेगळे काढणे हे तिचे कार्य होय. चित्रपटातील उपशीर्षकांचे उदाहरण घेता येईल. दृश्य क्षणाक्षणाला बदलत असल्याने पांढऱ्या अक्षराला काळी कडा दिली जाते व ते उजेडात आणि अंधारात सारखेच वाचता येते. पाट्या रंगविणारे पेंटरही अक्षराला बॉर्डर देत, छाया देत. मात्र ते आधी अक्षरांतील अंतर आखून घेत आणि कडेसाठी जागा राखून ठेवीत. संगणकावर हा क्रम उलटा झाला आहे. तेथे अक्षरे आधी टंकित होतात आणि कडा नंतर, जागेचा विचार न होता, चढविली जाते.

लिपीच्या घडणीशी होणारा संघर्ष

रोमन लिपीत छापील अक्षरे बहुधा सुटी असतात. देवनागरीत ती शिरोरेषेने जोडलेली असतात. संगणकीय टंकात ही शिरोरेषा अखंड नसते. प्रत्येक अक्षराबरोबर तिचा एक तुकडा येतो आणि शेजारच्या तुकड्यावर किंचित चढून सलगतेचा आभास निर्माण करतो. कोरलड्रॉमध्ये अशा मजकुराला कडा दिली की ती प्रत्येक तुकड्याला स्वतंत्रपणे लागते. परिणामी शब्दाच्या माथ्यावर उभे सांधे दिसू लागतात. काना आणि मात्रा मूळ अक्षरापासून तुटल्यासारख्या भासतात.

यावर उपाय आहे. मजकुराचे वक्ररेषांत रूपांतर करून 'वेल्ड' या आज्ञेने सर्व तुकडे एकजीव करता येतात. परंतु असे केल्यावर मजकूर हा मजकूर राहत नाही, ते चित्र होते. ऐनवेळी ऱ्हस्व-दीर्घाची चूक लक्षात आली, तर शब्द नव्याने टंकित करावा लागतो. म्हणून मूळ संपादनक्षम प्रत जपून ठेवणे आवश्यक ठरते.

दुसरा प्रश्न कडेच्या स्थानाचा आहे. सामान्यतः रेषा अक्षराच्या सीमेवर मध्यभागी बसते. तिचा अर्धा भाग आत जातो, अर्धा बाहेर. दंडाची जाडी 6 मिलिमीटर आणि कडा 4 मिलिमीटर असेल, तर दोन्ही बाजूंनी 2 मिलिमीटर झाकले जाऊन मूळ रंगाचा दंड केवळ 2 मिलिमीटर उरतो. ठसठशीत दिसावे म्हणून दिलेली कडा अक्षराला कृश करते. कोरलड्रॉमधील 'बिहाइंड फिल' हा पर्याय किंवा इलस्ट्रेटरच्या 'अपिअरन्स' पटलात अक्षरांच्या खाली ठेवलेली नवी रेषा यांमुळे हा दोष टळतो.

तरीही तिसरा प्रश्न शिल्लक राहतो आणि तो अर्थाशी निगडित आहे. 'ध' आणि 'घ', 'भ' आणि 'म' यांतील भेद माथ्यावरील एका लहानशा खंडावर व वळणावर अवलंबून आहे. कडेचा रंग अक्षराच्या रंगाजवळचा असेल, तर हा खंड दुरून भरून गेलेला दिसतो. मग 'धन' आणि 'घन', 'भान' आणि 'मान' यांतील अंतर वाचकाला संदर्भावरून ठरवावे लागते. विशेषनामांच्या बाबतीत संदर्भाचा आधारही पुष्कळदा नसतो. अनुस्वाराचा बिंदूही असाच कडेच्या जाडीत शिरोरेषेला चिकटतो. ओळींतील अंतर न वाढविल्यास वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो.

प्रभेचा भ्रम

प्रभेची कल्पना प्रकाशित पाटीवरून आलेली दिसते. जॉर्ज क्लोद याने 1910 साली पॅरिसमध्ये निऑन नळ्यांचे प्रदर्शन घडविले; पुढे प्रकाशमान अक्षर ही शहरी रात्रीची खूण बनली. तेथे अक्षर स्वतः प्रकाश देते. संगणकाचा पडदाही प्रकाश देतो, म्हणून प्रभा तेथे पटते. छापील फलक मात्र प्रकाश देत नाही, तो केवळ परावर्तित करतो. छपाईत माध्यमाच्या पांढरेपणाहून उजळ काहीच नसते. त्यामुळे पडद्यावर झळाळणारे वलय फ्लेक्सवर धुरकट डागासारखे उतरते. फोटोशॉपमधील बाह्य प्रभा मुळात 'स्क्रीन' या मिश्रणपद्धतीने चालते. पांढऱ्या पार्श्वभूमीवर ती दिसतच नाही. प्रभेसाठी गडद पार्श्वभूमी हवी, आणि गडद पार्श्वभूमीवर फिकट अक्षर प्रभेविनाही स्पष्ट वाचता येते!

अक्षराचा अधिकार

1869 साली मुंबईत जावजी दादाजी यांनी स्थापन केलेल्या निर्णयसागर छापखान्याची ख्याती अक्षराच्या रेखीव घडणीवर उभी होती. आज 'एक टाइप' या मुंबईच्या संस्थेने घडविलेल्या 'मुक्ता' टंकात सात वजने मोफत उपलब्ध आहेत. जाड वजनाचे अक्षर घडविताना रचनाकार त्यातील पोकळ्यांचा विचार करतो. कडा चढवून जाड केलेल्या अक्षरात तो विचार नसतो.

सर्व दोष संगणकचालकावर टाकणे मात्र अन्यायाचे ठरेल. त्याला थोड्या वेळात फलक द्यावयाचा असतो आणि 'अक्षर उठून दिसले पाहिजे' ही मागणी ग्राहकाचीच असते. गजबजलेले छायाचित्र, दहा चेहरे आणि पाच रंग मागणारा ग्राहकच कडेची गरज निर्माण करतो. महाराष्ट्रात 2022 साली झालेल्या कायद्यातील दुरुस्तीने दुकानांच्या पाट्यांवरील मराठी अक्षरे अन्य लिपीतील अक्षरांपेक्षा लहान नसावीत, असे ठरविले. आकाराचा प्रश्न कायद्याने सोडविता येतो. वाचनीयतेचा प्रश्न दृष्टीच्या शिक्षणानेच सुटू शकतो.

समारोप

बाह्यरेषा हे अक्षराच्या रक्षणाचे साधन आहे. तिला अलंकार मानल्याने ती अक्षरावरच उलटते. प्रथम पार्श्वभूमी शांत करावी, मग योग्य वजनाचा टंक निवडावा, अंतर वाढवावे आणि एवढे करूनही अक्षर हरवत असेल तरच एक, अक्षरामागची, विरुद्ध छटेची कडा द्यावी. तयार फलक पडद्यावर अंगठ्याएवढा लहान करून, रंग काढून वाचून पाहणे ही बिनखर्चाची कसोटी होय. महाविद्यालयांनी तिचा आरंभ स्वतःच्या फलकांपासून केल्यास तो विद्यार्थ्यांसाठी वस्तुपाठ ठरेल. भाषेच्या शुद्धलेखनाबाबत जागरूक असणाऱ्या अध्यापकवर्गाने लिपीच्या दृश्य शुद्धतेबाबत उदासीन राहणे सुसंगत नाही. 'ध'चा 'घ' होणे ही चूक वहीत लाल शाईने दाखविली जाते. ती चौकातील फलकावर झाली, तरी चूकच असते.